डिंक, भुसा आणि एक बाही

...नाही, पण मला एक सांगा, चित्राकडे बघून माणसाने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा का? "पण हे आहे काय?" अहो, चित्र आहे! प्लायला डिंक फासून, डिंकावर भुसा थापून, भुशावर रंग ओतून, तो ओला असतानाच त्यात फाटकी जाळी दाबून, वरून पुन्हा खरवडून केलेलं चित्र आहे. मिश्र माध्यम म्हणतात याला. म्हणजे रंगाला एकटं सोडायचं नाही, त्याच्या सोबतीला आणखी काहीतरी द्यायचं. रंगाला सोबत असते हो. मला नाही, तो भाग वेगळा.

तुम्हाला सांगतो, चित्रकला शिकायची म्हणून मी घर सोडून इथे आलो आणि एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर खोली घेतली. खोलीत एक कॉट, एक टेबल, एक खिडकी, आणि खिडकीतून काय दिसतं तर समोरच्या भिंतीवरचा पाण्याचा पाइप. किल्ली देताना घरमालकीणबाईंनी बजावलं होतं, मित्रबित्र फार आणायचे नाहीत. मी म्हटलं, नाही आणणार. शब्द पाळलाय बघा. वर्गातली मुलं सगळी शाळेपासूनची एकमेकांची, त्यांचे कंपू आधीच ठरलेले. माझ्याशी बोलत नाहीत असं नाही, वाईट कशाला सांगू... "जरा कात्री दे" म्हणतात. काम झालं की "ही घे कात्री" असंही म्हणतात. संपलं संभाषण.

मग माणूस करणार काय? मी चिकटवायला लागलो. आधी अंड्यांची टरफलं. बारीक चुरली, डिंकात बसवली, वर पातळ निळा रंग सोडला, तर असं सुरेख भेगाळलेलं आभाळ झालं की मीच खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसलो. सकाळी बघतो तर आभाळात मुंग्या! मग चहाचा चोथा लावून बघितला. रंग काय झकास येतो त्याचा, पण तो वाळवायचा असतो हे मला कुणी सांगायचं? त्याच्यावर पांढरी लव आली. सरांना नेमकं तेच आवडलं, म्हणाले, हा पोत कसा साधलास? मी म्हटलं, वाट बघून. मग वाळू. वाळू काही धरत नाही हो, दिवसभर चित्रातून गळत राहायची, सर्र... थोडं थांबून परत सर्र... आणि हसू नका, पण मला ते बरं वाटायचं. खोलीत कुणीतरी वावरतंय असं.

घरी फोटो पाठवला. आईचा फोन आला. आधी जेवलास का, मग झोप होते का, मग म्हणाली छानच आहे रे, फक्त उभं धरायचं की आडवं तेवढं सांग. मागून बाबांचा आवाज, "त्याला म्हणावं भिंतीला ओल आलीय, मालकीणबाईंच्या कानावर घाल." आई कुजबुजली, अहो, ते चित्र आहे. आणि मग बाबा, अगदी हळू, मला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "पण हे आहे काय?"

आमच्या सरांचं दुसरंच. सर चित्रापुढे उभे राहतात, मान एकदा या खांद्यावर, एकदा त्या खांद्यावर, आणि बोलतात ते दाढीतल्या दाढीत... "पोत आहे... रंग आहे... पण यात माणूस कुठाय?" माणूस? सर, माणूस मला खोलीत मिळेना, चित्रात कुठून आणू? असं मनात म्हटलं अर्थात. वर्षअखेरचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. सर म्हणाले, लोकांनी वापरलेल्या, हाताळलेल्या वस्तू घे, माणूस आपोआप येईल.

आता लोकांच्या वस्तू हव्यात तर लोक ओळखीचे नकोत का? मी एक खोकं घेतलं, त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं की चित्रासाठी जुन्या, नकोशा वस्तू हव्या आहेत, आणि ठेवलं दाराबाहेर. माझा बेत असा, की लोक येतील, कडी वाजवतील, काय रे बाबा, कसलं चित्र, म्हणून दोन शब्द बोलतील. मी खोली झाडली. जास्तीचे कप विसळून पालथे घातले. एक टी-शर्ट तर चक्क इस्त्री केला.

खोकं भरलं हो, संध्याकाळपर्यंत शिगोशीग भरलं. बंद घड्याळं, जोडीदार हरवलेले मोजे, छत्रीच्या काड्या, आणि एक दातांची कवळी. कवळी! सगळी इमारत माझ्या दाराशी येऊन गेली आणि एकानेही कडी वाजवली नाही. पावलं ऐकू यायची. मी धावत दार उघडेपर्यंत जिना मोकळा आणि खोक्यात कान तुटलेला कप. घरमालकीणबाई तेवढ्या एकदा थांबल्या. दारातूनच वाकून चित्राकडे बघितलं, "पण हे आहे काय?" म्हणाल्या, आणि मी तोंड उघडायच्या आत एक गळकी बादली ठेवून निघून गेल्या.

त्या ढिगात जुन्या पडद्यांच्या खाली एक लोकरीची वस्तू मिळाली. गडद हिरवी, हाताने विणलेली, नळीसारखी, एका टोकाला टाके लोंबत होते. काय होतं देव जाणे. मी ती पातळ प्लॅस्टरमध्ये बुडवली, प्लायच्या बरोब्बर मध्ये बसवली, कडेने राखाडी रंग चढवला. वाळली ती दगडासारखी! इतक्या खटपटींत पहिल्यांदा माझी एखादी गोष्ट घट्ट चिकटली. आनंदाच्या भरात मी चित्र भिंतीवर टांगलं आणि ते खिळ्यासकट खाली आलं. धाडकन.

आणि कडी वाजली.

खालच्या मजल्यावरचे आजोबा. मुलगा-सुनेबरोबर राहतात, जिन्यात दिसले तर मान हलवायचे, तेवढीच ओळख. डोक्यावर छताचा चुना पडलेला, रागाने लालबुंद. आणि मी? मी इतका खूश झालो की बोलणी खायच्या आधी चहाचं आधण ठेवलं. आजोबांनी सुरुवात केली, माणसाने घरात बसायचं की नाही, तुम्हा पोरांना खाली कुणी राहतं याची... आणि मधेच थांबले. चित्राकडे गेले. मी मनात म्हटलं, आला, आता तो प्रश्न आला.

त्यांनी विचारलंच नाही. बोट टेकवलं आणि म्हणाले, "ही बाही आहे."

मी जवळ जाऊन वाकून बघितलं.

"माझ्या स्वेटरची. डावी. बाकीचा सगळा झाला होता विणून. हिच्यावर असतानाच ती गेली."

ती म्हणजे आजी. सुनेने कपाट आवरताना ही बाही खोक्यात टाकली होती. तिला तरी काय दोष द्यायचा? लोंबते टाके बघून कुणाला काय कळणार? मला कुठे कळलं होतं? आजोबांनी विचारलं, निघेल का? मी गरम पाणी आणलं, सुरी आणली, एक कोपरा उचलून बघितला, तर प्लॅस्टरच्या भुग्याबरोबर लोकरही तुटून यायला लागली. त्यांनी माझं मनगट धरलं. "राहू दे. टाके सुटतील." मग खुर्चीवर बसले, चहा प्यायले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी परत आले. मग रोजच. मला वाटलं, चला, आपल्याकडे कुणीतरी यायला लागलं. पण ते यायचे बाहीकडे हो. खुर्ची चित्राकडे, पाठ माझ्याकडे. कधी म्हणायचे, "इथे तिचा टाका चुकलाय, बघ." मी बघायचो. तेवढंच आमचं बोलणं, पण खरं सांगतो, कात्रीपेक्षा पुष्कळ बरं.

सर चित्र बघायला आले. मान या खांद्यावर, त्या खांद्यावर. म्हणाले, आता आहे माणूस, हेच लावायचं. आजोबांना म्हटलं, तुमचं मन नसेल तर नाही नेत, चहाच्या चोथ्यावालं देतो. ते म्हणाले, "मलाही ने."

नेलं. चित्राशेजारी खुर्ची टाकून ते सकाळपासून बसले. कुणी समोर आलं, "पण हे आहे काय?" म्हणालं, की आजोबा सुरू. ही बाही, इथे टाका चुकला, का चुकला तर मी पेपर वाचता वाचता हात हलवला आणि तिचं माप बिघडलं, मग दिवसभर बोलली नाही माझ्याशी... लोक हसायचे, डोळे पुसायचे, आणखी लोकांना बोलावून आणायचे. कात्री मागणारी पोरं त्यांच्या पायाशी मांडी घालून बसली. मी कुठे होतो? खांबाजवळ. "जरा बाजूला होता का, दिसत नाहीये," असं मला एकाने सांगितलं.

तेवढ्यात एका बाईंनी विचारलं, कुणी केलंय हे? माझ्या नावाची पट्टी होती हो खाली, पण तिच्यापुढे आजोबांची खुर्ची होती. मी कॉलर सारखी केली. पुढे झालो.

आजोबा म्हणाले, "माझ्या बायकोने."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी आजोबांकडे बघितलं. त्यांची मान अशी ताठ, असा आनंद तोंडावर... आता तुम्हीच सांगा, तो कसा मोडायचा? बाईंना वाटलं मी नातवंड वगैरे असेन. म्हणाल्या, आणि तुम्ही कोण?

म्हटलं, मी वरच्या मजल्यावर राहतो. डिंक लावायला होतो.