भिंतीत न मावणारा देवमासा

जेजू बेटावरच्या रंगांच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या होत्या. दोघींचा जन्म समुद्रात बुड्या मारून शंख-शिंपले काढण्यात गेलेला.

“चुनजाताई, नातीच्या खोलीत देवमासा रंगवलास म्हणे?”

“अख्खा कुठला मावतोय! सुनेनं आधी उशीएवढा, हसरा काढला होता. बोराम म्हणाली, आजी, तू पाण्यात पाहिलास तेवढाच मोठा हवा.”

“मग?”

“मग भिंतभर नुसती काळी कातडी, आणि मधे मुठीएवढा डोळा.”

“अगं बाई! आधीच ती पोर आईवाचून झोपत नाही.”

“सूनही म्हणाली, पुसून टाका. पण बोराम त्या डोळ्यासमोर उभी राहिली ती हलेचना. मग भिंतीला गाल लावून म्हणाली, आई, तू जा आता.”

“एकटी झोपली?”

“एकटी! सकाळी मला हळूच विचारते कशी, आजी, ह्याला श्वास घ्यायला वर जावं लागत असेल ना?”

“बया! काटा आला बघ अंगावर.”

“चाळीस वर्षं श्वास कोंडून बुड्या मारल्या मी, पण मला नाही सुचलं. आता छतावर आभाळ काढायचंय. निळा न्यायला आलेय.”