मोडायची नोकरी

—अहो, त्या खुर्चीवर नका बसू, ग्रीस सांडलंय तिच्यावर, पँटला लागलं तर जन्मात निघणार नाही. इकडे या, खिडकीजवळ. आणि नाव-गाव सांगत बसू नका, तुम्ही कोण ते दार उघडलं तेव्हाच कळलं मला — कारखान्याचे ना? त्या दिवशी चाक सोडवायला वाकलेले ते तुम्हीच ना? सुनेनं सांगितलं होतं तसेच आहात हुबेहूब, उंच, खांदे पाडलेले आणि सारखा घसा खाकरणारे. खाकरा, खाकरा, लाजू नका. पाणी देऊ? नको? बरं. सून नाहीये घरात. हॉस्पिटलात गेलीय, त्या पोराला, आमच्या बेडकाला बघायला. मुलगाही गेलाय बरोबर. येतील, बसा. आणि तो कागद राहू द्या खिशातच, मला कशाला दाखवताय? माफीनाम्यावर माझी सही थोडीच चालणार आहे!

तुम्ही ऑफिसात बसणारे, तुम्हाला तिचं काम नीट माहीत होतं का हो? नसेलच. मलाही नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा मुलगा म्हणाला, आई, ती सायकल चालवते. म्हटलं, छान, व्यायाम होतो. मग कळलं की चालवत नाही, मोडते. पगारच त्याचा! नवं चाक लावायचं, दगडाच्या खाणीमागची ती टेकडी आहे ना, तिच्या माथ्यावरून स्वतःला सोडून द्यायचं — खड्डे, धोंडे, माणसाएवढ्या उड्या — खाली आलं की पुन्हा वर, पुन्हा खाली, चाक जीव सोडेपर्यंत. आणि मग येऊन सांगायचं, कुठून मोडलं, कसं मोडलं. पहिल्या वर्षी गळ्याखालचं हासळीचं हाड गेलं. मग बरगड्या. मग मनगट. आमच्या घरात आधी चाक मोडणार की सून एवढाच प्रश्न असायचा, आणि मी रोज देवाला सांगायची, बाबा, आज चाक. हसता काय? मी खरंच सांगायची.

पण हात होता हो तिला. संध्याकाळी ह्याच टेबलावर चाक उघडून बसायची. मी भाजी निवडतेय आणि शेजारी ती बेअरिंग पुसतेय. एखादं माझ्या हातात द्यायची — आई, बोट घालून फिरवा. चांगलं असलं ना की कळतसुद्धा नाही फिरतंय ते. आणि गेलेलं असलं की आत वाळू भरल्यासारखं खरखर, खरखर. दातात खडा आल्यासारखं वाटतं, अंगावर काटाच येतो. तुम्ही फिरवलंय कधी? कारखान्यात राहून नाही फिरवलं? कमाल आहे.

तर तुमचं ते नवं चाक. हलकं. मालक म्हणायचा, फुलासारखं. तिनं घरी आणलं होतं, मीच उचललं एका बोटावर. पंधरवडाभर चालवलं तिनं आणि एक दिवस आली ती तोंड पाडून. म्हणाली, पुढच्या हबमध्ये, चाकाच्या मधल्या तुंब्यात, खेळ येतोय. चाक धरून हलवलं की डावी-उजवीकडे डुलतं. बेअरिंगचे छर्रे खाऊन टाकलेत उड्यांनी, आणि बेअरिंग ज्यात बसतं ती जागाच चिरतेय, आणि तारांच्या भोकांपाशी रिमला केसासारख्या भेगा. दुसरं लावलं, तेच. तिसरं लावलं, तेच. मग गेली ती मालकाकडे. सरळ आत. तेव्हा तुम्ही होतात ना तिथे? ती म्हणाली, हे विकू नका, कुणाचा तरी जीव जाईल. आणि तो काय म्हणाला? — बोला ना, तुम्ही होतात! — तो म्हणाला, बाई, तू सायकल चालवत नाहीस, तू सूड उगवतेस. लोक असं नाही चालवत. गिऱ्हाइकं काय खाणीत उड्या मारायला जाणार आहेत? आणि हसला. तीही हसली म्हणे. घरी येऊन तिनं त्या भिंतीत ठोसा मारला — बघा, तिथे, कॅलेंडरच्या खाली. पोपडा पडलाय तो. मुलगा म्हणाला, रंगवून घेऊ. मी म्हटलं, राहू दे.

थांबा, चहा ठेवते. नको काय नको, मला हवाय.

मग ते दुकानदार बोलावलेत तुम्ही. पायथ्याशी मांडव, खुर्च्या, थंड पेयं, आणि वरून कुणीतरी नवं चाक लावून उतरायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. सून म्हणाली, मी नाही बसणार त्या सायकलवर. मालक म्हणाला, ठीक आहे, नको बसू. एवढंच! भांडला नाही, काही नाही. तिला वाटलं, सुटले. आणि त्यानं बेडकाला सांगितलं. बेडूक — तुम्ही लोक त्याला काय म्हणता ते मला माहीत नाही, आम्ही बेडूकच म्हणतो, बुटका, रुंद तोंडाचा, जिथे तिथे उडी मारणारा. तिच्या हाताखाली शिकलेला. ह्या टेबलावर जेवलेला आहे तो कितीदा तरी, आणि जेवून उठला की स्वतःचं ताट स्वतः घासणारा. माझ्या मुलानं नाही घासलं कधी! सुनेनं त्याला बजावलं होतं, ते चाक खराब आहे, हात लावू नकोस. तो म्हणाला, ताई, एकदाच तर उतरायचंय. एकदा धरेल की. आणि नाही म्हणायला मी काय तुझ्यासारखा आहे का? तू नाही म्हटलीस की तू मानी ठरतेस, मी नाही म्हटलं की मी घरी बसतो.

हेच लागलंय तिला. अजून लागलंय. मी नाही म्हटलं म्हणून त्याला बसवलं, मी नाही म्हटलं म्हणून — एकच घोकत असते, भांडी घासताना, केस विंचरताना. मी ओरडते कधी कधी, पुरे गं बाई.

पुढचं तुम्ही बघितलंयत, मी ऐकलंय. चुकलं तर सांगा. शेवटची उडी होती. तो मोठा कडा, त्याच्याखाली मांडव. ती खाली उभी होती दुकानदारांच्या मागे, आणि ती म्हणते, तो हवेत असतानाच मला दिसलं, पुढचं चाक सरळ नव्हतं. तिरकं झालेलं. हवेतच. तिनं ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो टेकला आणि काड्यांची पेटी पायाखाली यावी तसा आवाज झाला. बेअरिंग फुटून छर्रे उडाले, चाक त्याला धरणाऱ्या चिमट्यात अडकलं आणि मधोमध दुमडलं, आणि सायकल जागच्या जागी उभी राहिली. बेडूक नाही राहिला. तो तसाच पुढे गेला, तोंडावर, खडीवर. हेल्मेट होतं, म्हणून डोकं राहिलं. जबडा नाही राहिला. डावा डोळा — असो. थंड पेयांच्या पेट्यांपर्यंत रक्ताचा ओघळ गेला होता. खुर्चीवरचा एक जण टाळ्या वाजवतच होता, त्याला वाटलं, हेही त्यातलंच.

ती धावली. गुडघ्यावर बसली, त्याचं तोंड वळवलं, घशात अडकलेले दात बोटानं बाहेर काढले. बोटानं हो! म्हणूनच श्वास घेता आला त्याला, डॉक्टरांनीच सांगितलं नंतर. ती ओरडत होती, गाडी बोलवा, गाडी बोलवा — आणि मान वर करून बघते तर काय? मालक तिच्या अंगावरून पलीकडे बोट दाखवतोय. आधी ते चाक सोडव. आधी ते चाक गाडीत टाक. आणि तुम्ही वाकलात.

बघा ना माझ्याकडे. खाली काय बघता? तुम्ही वाकलात, चाक सोडवलंत, पटकन सुटतं ते, हलकं चाक! आणि मालकाच्या हातात दिलंत. माणूस रक्तात पडलाय आणि तुम्ही त्याच्या पायावरून उडी मारून गेलात. ती म्हणते, तेवढं बघितलं आणि माझ्या कानात सूं झालं.

बेडकाला दुसऱ्याच्या मांडीवर ठेवून ती उठली. गाडीपाशी गेली. मालक डिकी उघडत होता. तिनं त्याच्या हातातलं चाक ओढलं, दुमडलेलं, तारा तुटून बाहेर आलेल्या काट्यांसारख्या, आणि हाणलं. खांद्यावर. तो वळला, तेव्हा तोंडावर. तारेनं गाल फाटला कानापासून. त्यानं हात मध्ये घातला, हातावर. तो हात मोडल्याचं तिला समजलं, म्हणते, चाकातून कळलं, खेळ यावा तसं. तो पडला. मग डिकीच्या काचेवर हाणलं, मग पुन्हा त्याच्यावर. तुम्ही कुठे होतात हो तेव्हा? गाडीच्या पलीकडे ना? हो, तिनं बघितलं होतं तुम्हाला. तुमच्यापर्यंत आली नाही एवढंच. दुकानदारांनी मिळून धरली तिला, चौघांना आवरेना. मी तिला विचारलं, किती मारलंस गं? म्हणाली, आई, पहिले दोन बेडकाचे होते. पुढचे कुणाचे, मला नाही माहीत.

दुष्ट म्हणा हवं तर. माझा मुलगाच बघा. स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, आई, मला भीती वाटते तिची. माझा पोटचा पोरगा, सहा फुटी! मी म्हटलं, वाटू दे. आणि तुम्हाला इथे बोलावलं ते त्यानंच ना? कागद घेऊन या, मी समजावतो तिला, असं? माहितीये मला. त्याचा फोनवरचा आवाज भिंतीतून येतो.

आणि मीही — खोटं कशाला बोलू — मीही काल जेवताना तिला म्हटलं, सही करून टाक. कारखान्याची माफी माग, ते तक्रार मागे घेतील, तू घरी राहशील. मला माझी सून घरात हवी हो! तुरुंगातली पोळी खाऊन वाळलेली नकोय मला. तिनं जेवण थांबवलं. म्हणाली, आई, ते चाक कुठंय ठाऊक आहे? पोलिसांच्या पोत्यात. लाखेचं सील मारून. मी मालकाला ज्यानं मारलं ते हत्यार म्हणून पंचनामा झालाय त्याचा. नुसतं सायकलचं चाक असतं तर त्याच संध्याकाळी कारखान्यात वितळलं असतं. हत्यार आहे म्हणून टिकलंय. आणि मी माफी मागितली, त्यांनी तक्रार मागे घेतली की ते पोतं कुणाला परत? मालकाला. म्हणून कागद.

चहा घ्या. घ्या हो. तुमचा चेहरा उतरला एकदम. खरंच की! म्हणजे हेच होतं तर. मला वाटलं होतं, सूनबाई उगाच शंका काढतेय. नाही, तिला डोकं आहे. वकिलानं सांगितलं, मारलंच नाही म्हण, गर्दीत कुणी मारलं कळलं नाही म्हण. तर म्हणते, छे! मी उभी राहणार आणि सांगणार, हो, मीच मारलं, ह्याच चाकानं मारलं, आणा ते इथे, उघडा सगळ्यांसमोर, बघा आत काय आहे आणि का मारलं ते विचारा मला. सकाळी पांढरा सदरा घातला, मी म्हटलं, कोर्टात जरा बरं काहीतरी —

हां.

बोलले वाटतं मी. हॉस्पिटलात नाही गेलेली ती. कोर्टात गेलीय. तुम्हाला वाटलं सुनावणी दुपारी आहे, हो ना? वकिलानं सकाळची वेळ मागून घेतली. आणि माझा पोरगा, तो सहा फुटी भित्रा, काल तुम्हाला बोलावलं आणि आज ती चपला घालायला वाकली तर तिच्या आधी हा दारात. म्हणाला, मी येतो. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं असेल त्याच्याकडून.

कुणाला लावताय? मालकाला? आत्ताच्या आत्ता तक्रार मागे घ्या म्हणून? ठेवा तो फोन. ठेवा म्हणते ना. अहो, माझ्या घरात बसून माझ्या सुनेच्या — ठेव! ठेव खाली! —

लागलं?

लागू दे. पाना आहे, लोखंडी, टेबलावर पडलेला. हाताला आला तो उचलला. बोटं हलतात का बघा. हलतायत? मग काही नाही मोडलं, मोडलं की लगेच कळतं. फोनची काच गेली वाटतं. आयुष्यात कुणावर हात उचलला नव्हता हो मी. पोरावरसुद्धा नाही. त्या क्षणी काहीच वाटत नाही, नाही का? आणि आता बघा, पाना खाली ठेवता येत नाहीये मला. बोटं सुटत नाहीयेत.

उठा. कागद राहिला तुमचा, तो घ्या. सांगा त्याला जाऊन, म्हातारीनं मारलं. करा तक्रार माझ्यावर. हाही पाना न्या म्हणावं पोत्यात घालून. रडताय काय? तेव्हा नाही रडलात. जा. जा म्हणते ना.

जा.