बंद पंखा

मे २००३. कोल्हापुरातल्या दवाखान्याच्या रांगेत माझ्यापुढच्या बाईंच्या मनगटावर सलाइनच्या दोन जुन्या खुणा होत्या. तिसरीवरची चिकटपट्टी ताजी होती. रांगेतली शेजारची बाई त्यांच्याशी बोलत होती.

"उन्हात गेलतासा व्हय, मावशी?"

"न्हाय की. हुपरीत घरीच ज्योतीवर चांदीचं पैंजण जोडते. पंखा लावला की ज्योत हलती, म्हणून बंद ठेवते."

"ह्या उकाड्यात?"

"पूर्वी वळीव पडला की घर निवायचं. तीन वर्सं त्योबी न्हाय."

"घरात कोण हाय?"

"कोण न्हाय. चक्कर येऊन पडले, ते दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं बघितलं."

"अगं बाई! लेकरंबाळं?"

"लेक निपाणीला. मालक गेल्यापास्नं बोलावतीया. पर जावयाच्या घरात ऱ्हायचं?"

"मग ऱ्हावा दूधवाल्याच्या भरवशावर!"

मावशींनी तोंड वळवून मनगटावरची चिकटपट्टी दाबून बसवली.

"रागावलासा?"

"न्हाय. आज फोन करते तिला. न्यायला ये म्हणते."