बाबांची सीट

वडील गेल्यावर त्यांची गाडी विकायला ती गॅरेजमध्ये आली होती. बाकावर तिच्या शेजारी दोन अनोळखी बहिणी आपापल्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. धाकटी कुरकुरत होती.

“ताई, कंपनी सोडली तर फरक काय गं आपल्या गाड्यांत? इंजिन तेवढंच, डिकी तेवढीच. तरी बाबांना तुझीच गाडी लागते!”

“तुझी सीट खोल आहे. उठताना गुडघे दुखतात त्यांचे.”

“मग एक उशी टाकली असती की!”

“सुचलं होतं मला.”

“आणि बोलली नाहीस?”

“लहानपणी ते तुलाच खांद्यावर घ्यायचे. म्हटलं, आता थोडे दिवस माझ्याकडे बसू देत.”