भेगेवरची फळी

माझे कान म्हातारे खरे, पण बसमध्ये तरणे होतात. पेइपसी सरोवराच्या बर्फावरून मासे धरून आलेले दोघे मागे बसले होते.

"एंडेल, हे लांबडं धूड काय आणलंस?"

"बर्फातल्या भेगेवरची आपली फळी. तिथे ठेवली तर चोर नेतील."

"शहाणाच आहेस! मागून कुणी आलं तर भेग ओलांडणार कशी?"

"कोण येणार, काल्यू? आपणच शेवटचे."

"आणि हाइनो?"

"तो तुझ्यापुढे गेला ना?"

"माझ्यापुढे? तो मागे थांबला. म्हणाला, एंडेल येईपर्यंत गळ टाकतो."

"अरे देवा! मला दिसलाच नाही रे."

"वारा सुटलाय. भेग रुंदावत असेल."

"ड्रायव्हरदादा, थांबवा! थांबवा हो बस!"

"एंडेल, फळी पुरेल ना?"

"सकाळी पुरली होती."