जमुना पान्हावत नाई

...अन लोकं मलेच म्हनते, नत्थुजी, तुमचा हात जड हाये! अरे, हात जड असाले मी काय म्हशीसंगं कुस्ती खेळून राहिलो का? धार काढून राहिलो, धार... म्हंजे, काढाले बसून राहिलो. तुमाले सांगतो, बासष्ट वर्षांचा मानूस मी, धामणगावाजवळ नऊ एकर काळी, घरी एकच म्हैस, जमुना तिचं नाव, अन त्या एका म्हशीनं मले चार दिवसांत पार रडकुंडीले आनलं.

झालं काय, आमची लेक वर्षाली अकोल्याले असते, तिले पोरगी झाली, अन वर्षालीची माय, म्हंजे आमची पार्वताबाई, सव्वा महिन्यासाठी तिकडे गेली. लेकीचं बाळंतपन हाये, मी काय नाई म्हनतो? जाता जाता मले इचारते, "जमुनाचं जमन का तुमाले?" आता हे काय इचारनं झालं? म्हशीचा मालक कोन? मी. बाजारातून निवडून कोनं आनली? मी. सरकीची ढेप कोन आनते? मीच. धार तेवढी पहिल्या वेतापासून ती काढे. तेवढंच. तं तेवढंच म्हनून दुसऱ्या दिवशी बसलो बादली घेऊन, जमुनाची वगार मोठी झाली, पान्हा सोडवाले ते आता पीत नाई, म्हनून कासेले पानी मारलं, हात फिरवला, अंगठा दाबला... काईच नाई. अन म्हैस? म्हैस माह्या तोंडाकडे पाहून राहिली.

संध्याकाळी ढेप दुप्पट दिली. खाल्ली. पाठ खाजवून देल्ली. खाजवून घेतली. गोड बोललो, "जमुना, माय माही, सोड व बाई." एवढं गोड मी लग्नात नाव घेतानाबी नोतो बोललो! थेंब नाई. शेजारचा किशोर कुंपनावरून म्हने, काका, काकूचं पातळ नेसा, म्हैस फसते. आता काय सांगू तुमाले... नेसलो. हिरवं पातळ, डोक्यावर पदर, मिशा पदरात. अन नेमका तवाच आमच्या गावातला शेषराव फाटकातून आवाज देते, "वहिनी, नत्थुजी हाये का घरी?" मी पदराआडून बारीक आवाजात म्हनलो, वावरात गेले. गेला बिचारा वावराकडे! शेषराव फसला, दहावी पास मानूस, पन म्हैस? म्हैस माह्या तोंडाकडे पाहून राहिली. वरून पाय असा झाडला का अर्धं पातळ खुरात, अन टर्रकन फाटलं.

चौथ्या दिवशी मात्र हसू गेलं. कास दगडासारखी टनक, हात लावला का जनावर कन्हे. तवा खरंच भेव वाटलं मले. ढेप तिच्या तोंडापुढं तशीच पडून, अन इकडे माहं ताट तसंच पडून. चार दिवस भूक नाई, झोप नाई, मी म्हनलो म्हशीचं टेन्शन असन. किशोर म्हने पान्ह्याची सुई मारा, बंदी हाये पन भेटते, लगेच पान्हावते. तेवढ्यात जनावरांच्या डॉक्टर आचल मॅडम आल्या, एवढुशी पोरगी, पन किशोरकडे असं पाहिलं का तो कुंपनावरून खालीच उतरला.

मॅडमनं कास तपासली, औषध लावलं, अन मले सांगे, "काका, पान्हा कासेत नसते, डोक्यात असते. मेंदूच्या बुडाशी बदामाएवढा भाग हाये, हायपोथॅलॅमस. ओळखीचा हात, ओळखीचा आवाज भेटला का तो हुकूम सोडते, मंग कास दूध सोडते. भेव वाटलं का हुकूम बंद." अन म्हने भूक तोच पाहते, तहान तोच, झोप तोच, आंगाची गरमी तोच. मी म्हनलो, मॅडम, पाचशे किलोची म्हैस अन सारा कारभार बदामाच्या हाती? मंग शिंगं कायले देल्ले देवानं?

मॅडम इचारे, "धार काढताना काकू म्हशीशी काय बोलते?"

मी इचार कराले लागलो. म्हशीशी? म्हशीशी तं ती कवाच बोलली नाई. ती माह्याशी बोले. रोज सकाळी बादली घेऊन बसली का चालू... रातचा कंदील कुठी ठेवला, फाटक उघडं काहून, तुमाले सांगून काय फायदा, चांगली अर्धी पाऊन घंटा!

लावला फोन. ठेवला स्पीकरवर, जमुनाच्या कानापाशी. पार्वताबाई म्हने, "बरे हा न जी? नात तुमच्यावरच गेली." लय गोड. अन म्हैस? म्हैस माह्या तोंडाकडे पाहून राहिली. मंग मी डोळे मिटले अन बोललो, "वर्षालीची माय, तुयं हिरवं पातळ फाटलं." तिकडून आवाजच चढला, "माह्या भावानं वरूडहून आनलेलं? तुमाले काय अक्कल गिक्कल हाये का नाई? पातळ पेटीत होतं, तुमी पेटीत काहून..." अन छर्र... छर्र... बादलीत आवाज! जमुनानं डोळे मिटले, रवंथ सुरू, अन हे धारच धार. तिकडे तोंड चालू, इकडे माहे दोन्ही हात. बादली अर्धी झाली अन माह्याच पोटातून गुर्र आवाज आला. त्या दिवशी तीन भाकरी खाल्ल्या ठेच्यासंगं, अन दुपारी असा झोपलो का शेषरावनं हलवून उठवलं. मॅडमले इचारलं हे काय, तं हसत म्हने, "काका, तो बदाम तुमच्याबी डोक्यात हाये."

मले वाटलं, सुटलो. सुटतो कायचा! किशोरनं पार्वताबाईले सांगून टाकलं का ती रागावली तवाच म्हैस पान्हावते. तिले आता लाज वाटते. नातीच्या पायगुनानं गोड बोलाचं ठरवलं म्हने. फोन लावला का, "अवो, जेवले का? जिवाले जपा." झालं... जमुना दूध वर ओढते अन माही भूकबी तिच्यासंगंच जाते. म्हनून रोज सकाळी मले काहीतरी बिघडवून ठेवा लागते. लोनच्याची बरनी उघडी ठेवली, छत्री हरवली, तिची तुळस बकरीले खाऊ घातली... पन दोन दिवसांपासून ती हर गोष्टीले "असू द्या" म्हनून राहिली. अजून सतरा दिवस बाकी हाये. आता बासष्टाव्या वर्षी, तुमीच सांगा, रोज एक नवी चूक मी आनू कुठून?