कावळा आणि इंग्लंडचा सेंटर फॉरवर्ड

हसायचं तर हसा, पण दादाच्या दहाव्याला गाढी नदीच्या काठावर हे खरंच झालं.

दादाचा लाडका खेळाडू कोण, तर दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला फुटबॉलचा एक इंग्रज सेंटर फॉरवर्ड. कोळशाच्या खाणीतून वर आला, एकाच क्लबसाठी गोल करत करत थकला आणि इंग्लंडने त्याला खेळवलं ते एकाच मॅचला. मी दादाला कायम डिवचायचो, "एवढा भारी होता, तर परत का नाय बोलावला?" मग दादा चिडून माझ्याशी बोलणंच टाकायचा.

दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. गव्हाणचे काका हात जोडून म्हणाले, "तुझ्या आईला आमी बगू." कावळा झाडावरच. "धाकल्याचं लगीन लावू." तरी नाही. ऊन चढलं. भटजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून उरकून घेऊ." ते ऐकून माझं डोकंच फिरलं. दादा उपाशी जाणार? मी झाडाकडे बघून ओरडलो, "दादा, तुझा सेंटर फॉरवर्ड सगळ्यात भारी होता! टीम निवडणारेच आंधळे होते!"

कावळा थेट पिंडावर येऊन बसला.

सगळे रडायला लागले. काकांनी हळूच विचारलं, "कोन रे तो?"

मी डोळे पुसत म्हणालो, "होता एक इंग्रज. पण काका, खरं सांगू? डाव्या पायाने त्याला काहीच..."

काकांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "गप रे. आदी त्याला जेवू दे."